शांघायला भाचीकडे राहायला गेले तेव्हा

चीनला जायचं म्हटलं की आपले लोक व्हिसाची धास्ती घेतात. मला व्हिसाचा फारसा त्रास झाला नाही. भाची शांघायला नोकरी करते. तिने निमंत्रणपत्र, स्वतःच्या पासपोर्टाची प्रत आणि तिथल्या रहिवासी परवान्याची प्रत पाठवली. ते सगळं अर्जाला जोडून मुंबईच्या व्हिसा केंद्रात दिलं आणि व्हिसा आला. एक मात्र सांगून ठेवते. चीनमध्ये २४० तास व्हिसाशिवाय थांबता येतं असं सांगणारे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात. त्या सवलतीच्या यादीत भारत नाही. त्यांच्या भरवशावर तिकीट काढू नका.

खरी तयारी करायची ती फोनची. शांघायमध्ये फोन चालू असेल तर तुम्ही राजे, बंद पडला तर साधं पाणी विकत घ्यायची पंचाईत. आणि ही तयारी तिथे उतरून नाही, पुण्यात घरी बसूनच करायची.

पैसे द्यायला सगळीकडे अलीपे किंवा वीचॅट ही फोनवरची ॲप. आपल्याला क्यूआर कोड काही नवा नाही, भाजीवालीलाही आपण तसेच पैसे देतो, पण आपलं यूपीआय तिथे उपयोगाचं नाही. २०२३ पासून या दोन्ही ॲपना परदेशी कार्ड जोडता येतं. मी मास्टरकार्ड जोडलं आणि पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवली. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करावे लागतात, ते बँकेच्या ॲपमध्ये आधीच केले. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून त्या सिमवर रोमिंग हवंच. निघण्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या बँकेने ‘संशयास्पद व्यवहार’ म्हणून कार्डच अडवलं. फोन करून, होल्डवरचं संगीत ऐकून ते सोडवून घेतलं. हे पुण्यात झालं म्हणून निभावलं, विमानतळावर झालं असतं तर डोक्याला हात लावून बसले असते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दोन वेगळ्या बँकांची कार्डं जोडा.

अलीपेवर २०० युआनच्या वरच्या खरेदीला परदेशी कार्डावर तीन टक्के जादा लागतात, त्याच्या आत काही नाही. युआन म्हणजे ढोबळ बारा-तेरा रुपये धरा. पैसे देण्याच्या रीती दोन. कधी तुम्ही दुकानाचा कोड स्कॅन करायचा, कधी दुकानदार तुमच्या फोनवरचा कोड टिपतो. दुसरी रीत सोपी, आकडा टाकायची भानगड नाही. थोडी रोख जवळ होती, पण बहुतेक तशीच परत आणली. नोट पुढे केली की गल्ल्यावरची मुलगी सुटे शोधायला आत जायची आणि मागची रांग माझ्याकडे बघायची.

रोमिंगचा आणखी एक फायदा. तिथल्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र सगळं चालतं. त्यामुळे भाचीच्या घरात बसून वायफाय बंद आणि मोबाईल डेटा चालू, असा आमचा उलटा कारभार होता. गूगलचा नकाशा उघडतो, पण त्याच्यावर विसंबू नका, ठिपका रस्त्याच्या पलीकडे नाहीतर शेजारच्या इमारतीत दाखवतो. गाओदे नावाचा तिथला नकाशा घ्या, तो इंग्रजीतही मिळतो. टॅक्सीसाठी ‘दीदी’ नावाची सेवा. ती अलीपेच्या आतच सापडते आणि ड्रायव्हरशी लिहून बोललं की भाषांतरही करून देते.

आता मुख्य गोष्ट. परदेशी माणूस हॉटेलात उतरला तर त्याची नोंद हॉटेलवालेच पोलिसांकडे करतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण नातेवाइकाच्या घरी उतरलात तर २४ तासांच्या आत ही नोंद स्वतः करावी लागते. २०१३ पासून तसा कायदाच आहे, आणि चुकवलं तर दोन हजार युआनपर्यंत दंड होऊ शकतो. भाचीच्या सोसायटीतल्या कितीतरी भारतीयांना हे आई-वडील येऊन राहिल्यावर कळलं म्हणे.

शांघायमध्ये ही नोंद ऑनलाइनही होते. फाटकाशी पहारेकऱ्याच्या खोलीबाहेर कोड चिकटवलेला होता. पासपोर्टचं पान, व्हिसा, विमानतळावरचा शिक्का, घराचा पत्ता, घरमालकाचा फोन, सगळं भरायचं. भाचीला मात्र कागद हातात हवा होता. “मावशी, चल गं, जाऊनच येऊ, वीस मिनिटांचं काम आहे,” म्हणाली. पोलीस ठाण्यात जायचं म्हणून मी उगीच नीटनेटकी साडी नेसले. ठाणं म्हणजे बँकेच्या शाखेसारखं, काउंटर, खुर्च्या, कोपऱ्यात गरम पाण्याचं यंत्र. खिडकीमागच्या तरुण अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट, भाचीचा पासपोर्ट आणि तिचा भाडेकरार घेतला. माझं नाव त्याच्या पडद्यावरच्या रकान्यात मावेना. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, यावर त्या दोघांची चिनीत बरीच चर्चा झाली. शेवटी पासपोर्टाच्या तळाशी जी दोन ओळींची छापील पट्टी असते, तिच्यावरून अक्षर अक्षर उतरवून घेतलं. लाल गोल शिक्क्याचा कागद मिळाला, पैसे काही नाहीत. रेल्वेचं, विमानाचं तिकीट काढताना नाव त्या पट्टीप्रमाणेच टाकायचं, ही अक्कल तिथे आली आणि पुढे फार कामाला आली.

घरातून एकटी बाहेर पडले ती मेट्रोच्या जोरावर. आठशे किलोमीटरहून मोठं जाळं, तिकीट तीन युआनपासून, आणि अलीपेमध्ये शांघायचं प्रवासी कार्ड काढलं की फाटकावर फोन दाखवायचा, झालं. प्रत्येक स्टेशनात शिरताना बॅग यंत्रातून जाते. पाण्याची बाटली दिसली तर एक घोट पिऊन दाखवा म्हणतात. विमानतळावरून येताना हौस म्हणून मॅग्लेव्हने आले, रुळांना न टेकता चुंबकाच्या बळावर तीस किलोमीटर. पूर्वी ताशी ४३१ किलोमीटरने जायची, आता तीनशेनेच जाते. तिकीट ५० युआन, त्याच दिवशीचं विमानाचं तिकीट दाखवलं तर ४०. एकदा बसायला हरकत नाही, पण ती गावाबाहेर लुंगयांग रोडलाच सोडते, सामान घेऊन पुन्हा मेट्रो आहेच.

खाण्याचं काय, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारतात. मी शाकाहारी आहे. ‘मी मांस, मासे, कोळंबी, अंडी खात नाही, चरबीही चालत नाही’ असं चिनीत लिहून फोनवर ठेवलं होतं. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर भाजीवर किसलेलं डुकराचं मांस भुरभुरून आणतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. जेड बुद्ध मंदिरातल्या शाकाहारी नूडल्स बिनघोर खाल्ल्या. नानजिंग रोडवरचं कुंगदेलिन हे १९२२ पासूनचं बौद्ध शाकाहारी उपाहारगृह, तिथे सोयाचं ‘बदक’ मिळतं. मला ते बघूनच नको वाटलं, भाचीच्या नवऱ्याने मात्र मिटक्या मारत खाल्लं. उकळलेलं पाणी जागोजागी मिळतं, त्यामुळे चहाची पूड आणि साखर सोबत असली की सकाळ आपली.

हुआंगपू नदीकाठच्या ‘बंड’ नावाच्या रस्त्यावर सगळेच जातात. पलीकडे लुज्याझुईचे मनोरे, त्यात ६३२ मीटरचा शांघाय टॉवर. रात्री दहाच्या सुमाराला दिवे मालवतात, तेव्हा जेवून जाऊ म्हणाल तर अंधार बघाल. पर्यटकांच्या महागड्या बोटीऐवजी नदी ओलांडणारी साधी फेरी घ्या, तिकीट दोन युआन, सायकली आणि स्कूटरवाल्यांच्या मधे उभं राहून तोच देखावा.

मला पाहायची होती ती अलीकडच्या काठावरची हिरव्या टोकदार छपराची इमारत. आज ते पीस हॉटेल. १९२९ मध्ये व्हिक्टर ससूनने बांधलं. पुण्यात ज्यांच्या देणगीतून ससून रुग्णालय उभं राहिलं, त्या डेव्हिड ससूनचा हा पणतू. मुंबईतल्या कापडगिरण्या आणि त्याआधीचा अफूचा व्यापार, तो पैसा पुढे इथे आला. रुग्णालयाचं कौतुक करताना अफूचा विषय आपण टाळतो, चिनी माणूस टाळत नाही. तळमजल्यावरची लॉबी कुणालाही बघता येते, रंगीत काचांचं छत सुंदर आहे, कुणी हटकलं नाही.

शनिवार-रविवारी पीपल्स पार्कमध्ये जा, तिथे लग्नाच्या स्थळांचा बाजार भरतो. ओळीने उघडलेल्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या, प्रत्येकीवर एक कागद टाचलेला: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही. छत्रीमागे स्टुलावर आई नाहीतर वडील. मुलगा-मुलगी कुठे दिसत नाहीत. भाचीने एक कागद वाचून दाखवला तेव्हा त्या बाईंनी तिलाच वय विचारलं. लग्न झालंय म्हटल्यावर बाईंनी तोंड फिरवलं.

शेजारच्या सूचौ शहराला गेलो ते बुलेट ट्रेनने, अर्ध्या तासाचा प्रवास. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. चिनी लोक ओळखपत्र टेकवून भराभर आत जातात, आपण कर्मचारी बसतो त्या रांगेत उभं राहायचं. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, विनवण्या करून उघडत नाहीत. चीनच्या आतच विमानाने फिरणार असाल तर पॉवर बँकवर ‘३सी’ या चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचा छाप हवा. जून २०२५ पासून त्याशिवायची पॉवर बँक काढून घेतात, आणि आपल्याकडून नेलेल्यांवर तो बहुधा नसतो. १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुटीच्या आठवड्यात तर फिरायला जाऊच नका, तेव्हा गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत आणि बंडवर पाय ठेवायला जागा नसते.