आजीने दाखवलेला कोपरा

सकाळी सातला फोन आला. "ताई, औषध डुप्लिकेट निघालं. पावती घेऊन दुकानात चाललोय, तुम्ही पण या." मी म्हटलं, "दादा, आधी वावर बघू द्या."

निफाड तालुक्यातली गोदाकाठची काळी जमीन, साडेतीन एकर सोयाबीन. पेरणीनंतर अठराव्या दिवशी, तण दोन-चार पानांवर असताना इमॅझेथापायर हे तणनाशक मारलेलं, एकरी 400 मिली. ओल होती, प्रमाण बरोबर होतं. फवारून तीन आठवडे झाले होते.

नोझल तुंबलं किंवा वळणावर हात उचलला गेला, की तण पट्ट्यापट्ट्याने राहतं आणि त्या पट्ट्यात सगळ्याच जातीचं राहतं. औषध भेसळीचं असेल तर वावरभर सगळंच अर्धवट मरतं. इथे माठाचं तण वाळून गेलं होतं. पाखड हे गवतही बहुतेक गेलं होतं. फक्त बाभळीकडच्या कोपऱ्यात मेलेलं पाखड आणि जिवंत पाखड एकाच वितीत उभं होतं. मेलेल्याचा मधला कोंब ओढला तर तळाशी कुजलेला, हातात आला. शेजारचं हिरवंगार, फुटवे धरलेलं, लोंब्या बाहेर पडलेल्या. पान खोडापासून सोलून पाहिलं. सांध्याशी जिभली, म्हणजे पातळ पापुद्रा, नाही, पात्यावर जांभळे पट्टे. म्हणजे जात तीच. पिवळेपणाचा मागमूस नाही.

1990 च्या दशकात हरियाना-पंजाबात गव्हातल्या गुल्ली-डंडा नावाच्या तणाने आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देणं सोडलं, काहींना उभा गहू चाऱ्याला कापावा लागला, हे कॉलेजात शिकले होते. त्या कोपऱ्यात उकिडवी बसले असताना तेच आठवलं आणि पोटात गोळा आला.

तेवढ्यात दादांची आई बांधावरून आली. "ही इथली जात मरत नाही, बाई. दोन वर्षांपूर्वी मळणीचं मशीन इथंच उभं होतं, भुसा इथंच पडला. मागल्या साली तुला सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं खरं. तेव्हा मी म्हणाले होते, फवारल्यावर पाऊस आला असेल. वावर बघायलाही गेले नव्हते.

आजीचा शब्द धरून चालत गेलो. मशीनच्या जागी पाखड दाट, आणि ज्या दिशेने रोटाव्हेटर फिरतो त्या दिशेने विरळ होत गेलेलं. दादांनी बोटांवर मोजलं: सलग सात हंगाम तेच औषध. त्यांना दोष देववत नाही. निंदणीला बाया मिळत नाहीत, त्या दिवसांत त्या टोमॅटोच्या बांधणीला जातात.

"म्हणजे गवताला सवय झाली?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला प्रत्येक गावात ऐकू येतो. सवय नाही, दादा. वाढीला लागणारी तीन अमिनो आम्लं जे विकर (एन्झाइम) तयार करतं, त्यालाच हे औषध जाऊन चिकटतं आणि काम थांबवतं. एखाद्या रोपात त्या विकराची घडण जन्मतःच जराशी वेगळी असते, औषधाला बसायला जागाच मिळत नाही. बाकीची मरतात, ते एकटं बी टाकतं. पुढच्या वर्षी त्याचीच पिलावळ.

"मग डोस वाढवू?" नाही. सोयाबीन तेवढं करपेल. क्विझॅलोफॉप हे दुसरं तणनाशक वेगळ्या विकरावर काम करतं, पण लोंब्या पडलेल्या गवतावर आता त्याचाही उपयोग नव्हता. उपटणं एवढंच हातात होतं.

दुपारभर आम्ही चौघांनी तो कोपरा उपटला. बांधावर टाकायचं नाही, बी तिथे पिकतं. गुरांना घालायचं नाही, शेणातून परत वावरात येतं. पेंडीच्या रिकाम्या गोण्यांत भरलं, वाळवून जाळलं. आजीने पिकलेल्या चार लोंब्या माझ्यासाठी कागदात बांधून दिल्या. "मागल्या साली ऐकायला हवं होतं तुमचं," मी म्हणाले. तिने मान हलवली आणि पुढच्या ठोंबाला हात घातला.

पाखडाचं ताजं बी लगेच उगवत नाही, म्हणून ते उन्हाळ्यापर्यंत ठेवलं. मग टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मागून आणले. एकीकडे हे बी, दुसरीकडे कधीच फवारणी न झालेल्या माळावरचं. शिफारशीच्या मात्रेत माळावरचं तीन आठवड्यांत संपलं, कोपऱ्यातलं बहुतेक उभं राहिलं. दुप्पट मात्रेतही उभं. क्विझॅलोफॉपच्या ट्रेमध्ये मात्र दोन्ही आडवं झालं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. हा प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, माझ्या ओट्यावरची चाचणी आहे. पण दादांना पुढचं ठरवायला तेवढी पुरली.

यंदा तिथे मका आहे. वेगळं औषध, दोन कोळपण्या, आणि मळणीचं मशीन आता वावरात शिरण्याआधी झाडून घेतात. आजी रोज सकाळी त्या कोपऱ्यात चक्कर मारते. परवा दादांचा फोन आला: "ताई, आईने अकरा ठोंब उपटून ओट्यावर ठेवलेत. टाकू देत नाही, म्हणते आधी तिला दाखव."

उद्या सकाळी जाते आहे.