मोकळा हात

बुल रायडिंगमध्ये उसळत्या बैलाच्या पाठीवर आठ सेकंद टिकायचं असतं, आणि स्वार एकाच हाताने दोर धरतो. दुसरा हात हवेत मोकळा. तो बैलाला किंवा स्वतःच्या अंगाला लागला, की गुण शून्य. मग आठ सेकंद पुरे केले असले तरी. हा मोकळा हात खांद्यातून बाजूला उचललेला, कोपरात वाकलेला आणि मागे वळलेला असतो. निखळणाऱ्या खांद्याची परीक्षा घेताना आम्ही फिजिओथेरपिस्ट रुग्णाचा हात नेमका असाच धरतो, कारण खांदा पुढे सटकण्याची भीती याच स्थितीत सर्वांत जास्त. माझा एक रुग्ण बरा होऊन पुन्हा त्याच स्थितीत, तीही उसळत्या बैलाच्या पाठीवर, जायला निघाला होता.

मी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला काम करते. इथल्या स्टॉकयार्ड्स भागात 1908 साली बांधलेलं काउटाउन कोलिझियम आहे आणि शनिवार-रविवार जवळ आला की रोडिओचे, म्हणजे बैल-घोड्यांवरच्या स्वारीच्या स्पर्धांचे, ट्रक रस्त्यावर दिसू लागतात. त्यामुळे बैलाने फेकलेली माणसं दवाखान्यात येणं हे इथे नेहमीचंच. हा मुलगा विशीतला, कॉलेजात शिकणारा; नाव-गाव लिहीत नाही. सरावात पडून डावा खांदा निखळला, खोबणीच्या कडेची कूर्चा फाटली आणि ती शस्त्रक्रियेने शिवावी लागली. पहिल्या दिवशी हात झोळीत अडकवून आला, तेव्हा त्याने दुखण्याबद्दल जेमतेम दोन वाक्यं सांगितली. मग बोलू लागला बुशवॅकरबद्दल. हा बैल मोठ्या स्पर्धांत सलग 42 वेळा स्वाराला पाडून आला होता; 2013 साली टल्सामध्ये जे. बी. मूनी त्याच्या पाठीवर आठ सेकंद टिकला आणि त्याला 95.25 गुण मिळाले. हा मुलगा तेव्हा लहान होता. आजोबांच्या शेजारी बसून टीव्हीवर बघितलेली ती स्वारी त्याला उडी-उडी पाठ होती.

मी कराडकडची. शर्यतीचे खिल्लार बैल, त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं लहानपणापासून पाहिलेली. आमच्याकडे बैल छकड्याला जुंपतात, पाठीवर कोणी बसत नाही, हा फरक मोठाच. पण बैलाचं नाव घेताना चेहरा कसा उजळतो, ते मला ओळखीचं होतं. त्याने मला समजावलं, की शंभरातले निम्मे गुण बैलाचे असतात. बैल नीट उसळला नाही तर स्वाराचाही तोटा. म्हणून पंच कधी कधी दुसऱ्या बैलावर पुन्हा संधी देतात. बैलाच्या मागच्या पायांपुढे बांधतात तो पट्टा वृषणांना आवळलेला असतो, असं मी ऐकून होते. त्याने वहीत चित्र काढून दाखवलं: पट्टा कमरेभोवती असतो, वृषणांना त्याचा स्पर्शही नसतो. सुट्टीच्या दिवशी तो बैल पाळणाऱ्या एका ठेकेदाराकडे चारापाण्याचं काम करायचा. कॉलेजही त्याने रोडिओचा संघ आहे हे बघूनच निवडलेलं.

शस्त्रक्रियेला सहा महिने होत आले, तेव्हा खेळात परतण्याची चाचणी ठरली. त्या दिवशी त्याची आई सोबत आली. तो कपडे बदलायला गेला, तशी तिने मला बाजूला घेतलं. “माझं तो ऐकत नाही. तुम्ही नाही म्हणा, तुमचं ऐकेल.” तिच्या लहानपणी, 1989 साली, वायोमिंगमधल्या शायानच्या रोडिओत लेन फ्रॉस्ट हा नावाजलेला स्वार स्वारी पुरी करून उतरला होता. बैलाने मागून शिंगाने धडक दिली आणि त्याचा तिथेच जीव गेला. त्यानंतर त्याच्याच मित्राने, कोडी लॅम्बर्टने, स्वारांसाठी संरक्षक जाकीट तयार केलं. हे ती सांगत होती, पण जाकिटाने तिचं समाधान झालं नव्हतं. “मूनीची मान 2023 मध्ये मोडलीच ना? तेव्हाच त्याने खेळ सोडला,” ती म्हणाली. तिची भीती खरी होती. मी फक्त एवढंच म्हणाले, की खांदा जे सांगेल ते मी लिहीन.

त्याने आपला दोर आणला होता, राळेने काळवंडलेला, खाली जड घंटा बांधलेला. स्वाराने हात सोडला की घंटेच्या वजनाने दोर बैलाच्या अंगावरून गळून पडतो. ताकदीच्या चाचण्या उत्तम झाल्या. डावा हात उजव्याच्या बरोबरीला आला होता. मोठ्या चेंडूवर बसवून, उजव्या मुठीत दोर देऊन मी त्याला सगळ्या बाजूंनी ढकललं. तोल पक्का. मग त्याला टेबलावर आडवं केलं, हात बाजूला घेतला आणि सावकाश मागे वळवू लागले. मध्येच त्याच्या छातीचे स्नायू ताठ झाले, मान वळली.

“मॅम, इथे सटकेल असं वाटतंय,” तो म्हणाला. आणि मी काही बोलायच्या आत, “म्हणजे पॉझिटिव्ह, ना?”

तो व्यायामशास्त्र शिकत होता. चाचणीचं नाव त्याला माहीत होतं, आणि पॉझिटिव्ह म्हणजे खांदा अजून भरवशाचा नाही, हेही. ‘दुखत नाही’ असं सांगून गप्प बसला असता, तर मला शंका आली असती, पण इतकं स्पष्ट कळलं नसतं. ज्या उत्तराने त्याचा हंगाम बुडणार, ते त्याने स्वतः दिलं. मी सर्जनसाठी लिहिलं: अजून नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी.

आईने सुटकेचा श्वास घेतला आणि विचारलं, “मग आता पुढे काय करणार?” त्याने पिशवीतून ती चित्रांची वही काढून तिच्या हातात दिली. मागच्या पानांवर हिशेब होते. बहुतेक स्वारांना पगार नसतो. प्रवेश फी स्वतः भरायची, पेट्रोल स्वतःचं, आणि टिकलात तरच बक्षीस. हे सगळं त्याने मांडलं होतं, वयाच्या पंचविशीपर्यंत. त्यापुढे ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारा, व्हायचं. त्यासाठी अमेरिकेत आता पदव्युत्तर पदवी लागते, म्हणून कुठल्या विद्यापीठाला कोणते विषय हवेत याची यादी. रोडिओत जखमी स्वारांवर जागेवर उपचार करणारं ‘जस्टिन स्पोर्ट्समेडिसिन’ पथक कित्येक वर्षं काम करतं. त्या नावाखाली दोन रेघा. तेही जमलं नाही तर बैलांची पैदास. उसळत्या बैलांच्या वंशाची डीएनए नोंदणी करणारी संस्था आहे, तिचे नियमही उतरवून घेतलेले.

आई पान उलटत राहिली. हे तिने कधी पाहिलं नव्हतं. मुलाला खेळाचं वेड लागलं की त्याच्या भविष्याची वाट लागली, असं मोठी माणसं सहज म्हणून टाकतात; मला त्याचा फार राग येतो. या मुलाने सहा महिन्यांत एकही व्यायाम चुकवला नाही, शरीरशास्त्राचे पेपर मन लावून दिले, पैशाचा हिशेब ठेवला. बैल नसते तर यातलं किती झालं असतं?

“पदव्युत्तरला अर्ज करताना बऱ्याच विद्यापीठांना निरीक्षणाचे तास दाखवावे लागतात,” तो मला म्हणाला. “सहा आठवडे स्वारी नाहीच. इथे येऊ?”

व्यवस्थापकांकडून परवानगी आणि कागदपत्रं व्हायला थोडा वेळ गेला. आता तो आठवड्यातून दोन दुपारी येतो, कोपऱ्यात उभा राहून टिपणं घेतो. आईचं मत बदललेलं नाही. त्या दिवशी निघताना तिने पुढच्या चाचणीची तारीख फोनमध्ये टाकली आणि मला बजावलं, “तेव्हाही मी येणार. आणि तुम्ही आजच्यासारखंच खरं लिहायचं.”