विमानातून रात्रीची धावपट्टी, नोंद चौथी: दिव्यांचे रंग टिकवताना

गेल्या नोंदीपर्यंत विमानाच्या खिडकीतून काढलेल्या फोटोंत धावपट्टी रेखीव यायला लागली होती, पण रंग गायब होते. पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी आणि भोवती शहराचा नारिंगी धुरळा, एवढंच. या खेपेला सगळा भर दिव्यांच्या रंगांवर दिला, कारण रात्रीच्या धावपट्टीत बघण्यासारखं आहे ते तेच. कडेचे दिवे पांढरे, त्यांतला शेवटच्या ६०० मीटरचा पट्टा पिवळा. सुरुवातीचा थ्रेशोल्ड (उतरण्याच्या बाजूचा उंबरठा) हिरवा, शेवट लाल, टॅक्सीवेच्या (धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्याच्या) कडा निळ्या आणि त्याची मधली रेघ हिरवी. धावपट्टीच्या मधोमध दिवे असतील तर शेवटापासून ९०० मीटरवर लाल-पांढरे आलटूनपालटून सुरू होतात आणि शेवटचे ३०० मीटर नुसते लाल. वैमानिक हे रंग वाचतो. फोटोतही ते वाचता आले पाहिजेत, ही आमची कसोटी.

रंग हरवण्याचं पहिलं कारण कॅमेऱ्यात नसून जागेत आहे. थ्रेशोल्डचे, मधल्या रेषेचे आणि अ‍ॅप्रोचचे (धावपट्टीच्या अलीकडे वाट दाखवणारे) दिवे चहूबाजूंनी दिसावेत असे बनवलेलेच नसतात. त्यांचा झोत उतरणाऱ्या विमानाकडे, अरुंद कोनात असतो. धावपट्टीला समांतर जाताना खिडकीतून पाहिलं तर कडेचे दिवे तेवढे दिसतात, तेही मंद. धावपट्टीच्या वाढवलेल्या अक्षापासून साधारण १० अंशांच्या आत आलं की अख्खी रोषणाई एकदम उजळते. पण उतरताना विमानाचं तोंडच धावपट्टीकडे असतं, मग बाजूच्या खिडकीतून ती दिसणार कधी? अंतिम मार्गावर वळण्याच्या जरा आधी. विमान अक्षाला काटकोनात येत असतं तेव्हा वळणाच्या बाजूची खिडकी धावपट्टीच्या लांबीत बघत असते.

मुंबईचं उदाहरण घ्या. तिथे उतरणं बहुतेक वेळा २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला होतं. दक्षिणेकडून आलेलं विमान शेवटी डावीकडे वळतं, तेव्हा ए खिडकी. दिल्ली-अहमदाबादकडून आलेलं उजवीकडे वळतं, तेव्हा एफ. रडारवरून थेट तिरकं वळण दिलं तर हा क्षण मिळतच नाही, हे गृहीत धरूनच बसायचं. ए३२० मध्ये साधारण १० ते २० या रांगांत खाली पंख येतो, म्हणून त्याच्या पुढची जागा. मागे बसलं तर इंजिनाच्या तापलेल्या हवेतून बघावं लागतं आणि दिवे पाण्याखाली असल्यासारखे थरथरतात. ते नंतर कशानेही सुधारत नाही.

आता गतीचा हिशोब. सेन्सरवर ठिपका किती सरकतो हे काढायला लेन्सची फोकल लांबी गुणिले विमानाचा वेग, भागिले अंतर. अंतर १५ किलोमीटर, वेग सेकंदाला १०० मीटर, लेन्स ८५ मिलिमीटरची धरली, तर ठिपका सेकंदाला ०.५७ मिलिमीटर सरकतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, म्हणजे सेकंदाला ९५ पिक्सेल. १/६० सेकंदाच्या शटरला दीड पिक्सेलची रेघ, १/१२५ ला पाऊण. हे चालतं. पण विमान वळायला लागलं की गणित पार बदलतं. २५ अंश कललेलं विमान याच वेगाला सेकंदाला अडीच अंशांहून जास्त फिरतं, आणि नुसत्या त्या फिरण्याने १/६० ला दहा-अकरा पिक्सेलची रेघ उमटते. म्हणून पंख सपाट असतानाचे शेवटचे पाच-सहा सेकंद सोन्याचे. वळण सुरू झाल्यावर काढायचंच असेल तर १/२५०, आणि थ्रेशोल्ड फ्रेममध्ये एकाच जागी राहील असा कॅमेरा हळूहळू फिरवत ठेवायचा.

एक्स्पोजरमध्ये झालेला बदल ही या नोंदीतली सगळ्यात मोठी कमाई. पूर्वी एफ/२.२, १/१२५, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० अशी मांडणी होती. जमीन छान दिसायची, पण प्रत्येक दिव्याचा गाभा पांढराफटक, रंग उरायचा तो फक्त भोवतालच्या वलयात. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल भरून वाहिले की हिरवा दिवाही पांढराच होतो. आता लेन्सचं छिद्र आणि शटर तेच, आयएसओ मात्र ८००. सेन्सरवर प्रकाश तेवढाच पडतो, त्यामुळे अंधारातला भाग नंतर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) उचलला तरी नॉइज (अंधारातली रवाळ खरखर) जवळपास आयएसओ ३२०० इतकाच राहतो. दिव्यांना मात्र दोन स्टॉपची मोकळीक मिळते. अलीकडच्या बऱ्याच सेन्सरमध्ये ठरावीक आयएसओला गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) बदलतो. आपल्या कॅमेऱ्याची ती पायरी शोधून तिच्या खाली जायचं नाही. जुन्या कॅमेऱ्यावर हा उपाय करू नका, अंधारात पट्टे उमटतात.

हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) इथे फसवतो. दिवे चित्राच्या इतक्या थोड्या भागात असतात की उजव्या टोकाची रेघ डोळ्यांना दिसतच नाही. हायलाइटचा इशारा (जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारा) चालू ठेवा आणि एखाद-दुसराच दिवा लुकलुकेल इतकं एक्स्पोजर खाली आणा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) सक्तीचं. शटर यांत्रिक ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याने पट्टे येतात. लेन्स पूर्ण उघडली की कोपऱ्यातले ठिपके पंख पसरलेल्या पाखरासारखे होतात, म्हणून १.८ ऐवजी २.२. फोकस विमान खाली यायला लागण्याआधीच दूरच्या एखाद्या दिव्यावर, दहापट मोठं करून, हाताने लावा आणि रिंगला चिकटपट्टी मारा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका.

खिडकीबद्दल थोडक्यात. तिचे पापुद्रे प्लॅस्टिकचे असतात, त्यामुळे पोलरायझर फिल्टर लावला की इंद्रधनुष्याचे पट्टे येतात. लेन्स टेकवली तर विमानाची थरथर थेट आत जाते. अर्धा-एक सेंटिमीटर अंतर ठेवून भोवती काळं कापड धरायचं. खिडकीतल्या लहान छिद्राभोवती बाष्प गोठतं, तो भाग चुकवा. फोकसला मदत करणारा दिवा बंद, फ्लॅश अर्थातच बंद. बोइंग ७८७ च्या खिडक्या काच गडद करून झाकतात आणि त्यांचं नियंत्रण क्रूकडेही असतं. फोनवाल्यांनी नाइट मोड टाळावा, कित्येक फ्रेम जोडताना तो दिवे पुसून टाकतो. प्रो मोडमध्ये मुख्य कॅमेरा, १/६०, रॉ.

एक गोष्ट ठामपणे. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं आहे. अशा लष्करी विमानतळांवर चढता-उतरताना फोटो काढायला मनाई आहे, २०२५ च्या मे महिन्यात डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) ती पुन्हा बजावली. तिथे कॅमेरा पिशवीतच. इतरत्रही क्रूने नको म्हटलं की नको.

संस्करणात पहिली चूक व्हाइट बॅलन्सची होते. विमानतळावर दिव्यांची प्रखरता टप्प्याटप्प्याने कमी-जास्त करतात. मंद केलेला हॅलोजन दिवा पिवळसर होतो, एलईडी तसाच पांढरा राहतो. कडेचे पिवळसर दिवे ओढूनताणून पांढरे केले तर टॅक्सीवेचा निळा जांभळ्याकडे जातो आणि शेवटचा पिवळा पट्टा ओळखू येईनासा होतो. आम्ही ३४०० ते ३८०० केल्व्हिनमध्ये थांबतो आणि पांढऱ्यात थोडी ऊब राहू देतो. निळ्या एलईडीचा रंग तरीही एसआरजीबीत (पडद्यांच्या नेहमीच्या रंगमर्यादेत) मावत नाही. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशनमधल्या ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन १५-२० नी खाली घेतलं की तो सपाट जांभळा डाग न राहता ठिपका होतो. डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशनमधलं गॅमट कॉम्प्रेशन वाढवा.

उजळवताना एक्स्पोजरची पट्टी दोन स्टॉप वर ढकलली की मिळवलेले रंग पुन्हा जळतात. शॅडो उचलायच्या, किंवा तेजावर आधारित मास्क करून दिवे वगळायचे.

नॉइज काढताना सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते बराच काळ लक्षातही येत नाही. दूरचा लाल दिवा दोन-तीन पिक्सेलचा असतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो रंगाचा नॉइजच. लाइटरूममध्ये कलर नॉइज मुळात २५ वर असतो, तो १० वर आणा. हॉट पिक्सेल (सेन्सरवरचे उगीच उजळणारे बिंदू) काढणारं मॉड्यूल तर बंदच ठेवा, ते टॅक्सीवेचे एकेक निळे दिवे वेचून खातं. शार्पनिंगची त्रिज्या ०.७ च्या वर गेली की दिव्यांभोवती काळी कडी उमटते. डीहेझ (धुरकटपणा कमी करणारी पट्टी) २० च्या आत.

नॉइजवर खरा उपाय फ्रेम एकावर एक रचण्याचा. सेकंदाला आठ फ्रेमच्या वेगाने काढलेल्या सलग चार फ्रेम अर्ध्या सेकंदातल्या. जमीन जवळजवळ सपाट असल्याने फोटोशॉपमध्ये पर्स्पेक्टिव्ह पद्धतीने त्या एकमेकींवर नीट बसतात, आणि चारांची सरासरी घेतली की नॉइज निम्मा होतो. पंखाचं टोक फ्रेममध्ये असेल तर ते आधी मास्क करा, नाहीतर त्याची भुतं तयार होतात. विमानाच्या स्ट्रोब दिव्याच्या लखलखाटाने उजळलेली फ्रेम आधीच बाजूला काढा.

तपासणीसाठी आता पापी वापरतो. धावपट्टीच्या डावीकडे उतरण्याचा कोन दाखवणारे चार दिवे, एकमेकांपासून सुमारे ९ मीटरवर. १५ किलोमीटरवरून ८५ च्या लेन्सने त्यांच्यात आठेक पिक्सेलचं अंतर पडतं. ३०० टक्क्यांवर मोठं करून पाहायचं: चार दाणे सुटे दिसले तर फोकस आणि शटर बरोबर. तीन अंशांच्या मार्गावर धावपट्टीजवळचे दोन लाल आणि बाहेरचे दोन पांढरे दिसतात, विमान थोडं वर असेल तर तीन पांढरे आणि एक लाल. रचलेल्या फ्रेममध्ये दाणे सुटे येतात, लालही लालच राहतो. धुरकट हवेत मात्र चारही चिकटून एक गुलाबी रेघ होते. मुंबईत डिसेंबर-जानेवारीचं धुकट हे मोठं कारण. पुढची फेरी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर २० ते ३० मिनिटांत उतरणाऱ्या विमानातून. तेव्हा दिवे लागलेले असतात आणि आकाशात अजून इतका निळा उजेड असतो की डांबराचा पोतही फोटोत उतरावा.