पाण्यात गेला की काळवंडणारा लाल

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि धागे बांधून केलेली मासेमारीची नकली माशी. मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांतल्या फ्लायच्या दुकानांत येणाऱ्या तक्रारी बहुतेक बुडणाऱ्या किंवा उसवणाऱ्या फ्लायच्या असतात. त्या दिवशीची तक्रार रंगाची होती. गिऱ्हाइकाने दुसरीकडून घेतलेल्या रॉयल वुल्फची डबी पुढे केली. ही तरंगणारी फ्लाय, अंगावर मागे-पुढे मोराच्या तंतूंची दोन गाठोडी आणि मध्ये लाल पट्टा. कोरडी असताना कमरेचा पट्टा कुंकवासारखा लाल, बीव्हरकिल नदीत भिजली की काळपट तपकिरी. ट्राउट मासा वर येतो, बघतो आणि वळतो, असं त्याचं म्हणणं.

एक फ्लाय पांढऱ्या कपात पाण्याखाली दाबून धरली. पट्ट्याचा फ्लॉस (बारीक तंतूंचा मऊ, चकचकीत दोरा) भिजला तसा लाल खरंच विझला. मग ब्लेडने पट्टा उभा चिरला. आत काळा धागा, आणि त्यावरून मागून पुढे नेलेले मोरपिसाचे तंतू. वेळ वाचवायला बरेच जण मागच्या गाठोड्याचे तंतू तोडत नाहीत, फ्लॉसखालून तसेच पुढे घेतात. कोरड्या फ्लॉसच्या धाग्यांमध्ये हवा असते, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि लाल उजळ दिसतो. हवेच्या जागी पाणी शिरलं की फ्लॉस अर्धपारदर्शक होतो आणि खालचा रंग वर येतो. रेशीम असो वा रेयॉन, यातून सुटका नाही. महागडा फ्लॉस घेऊन हा दोष जात नाही. बदलायचं ते अस्तर.

त्याच्यासमोरच १२ नंबरच्या गळावर एक बांधली. पंख (वासराच्या शेपटीचे पांढरे केस) आणि शेपूट बसवतानाच ७० डेनियर जाडीचा पांढरा धागा घेतला. काळा धागा शेवटी, हॅकलच्या (गळाभोवती गुंडाळायच्या कोंबड्याच्या पिसाच्या) वेळी. मोराचे दोन तंतू धाग्याभोवती पिळून तीन-चार वेढे, मग तंतू कापून टाकायचे. मधल्या जागेत पांढऱ्या धाग्याचं सपाट अस्तर. चारपदरी फ्लॉसचा एकच पदर पट्ट्याच्या पुढच्या कडेला बांधायचा, पीळ काढून मागे न्यायचा आणि पुन्हा पुढे आणायचा. दोन थर पुरे. तिसरा थर दिला की पट्टा फुगतो आणि पुढचे तंतू त्यावरून घसरतात. बोटं खरखरीत असतील तर फ्लॉस पिंजतो. आधी नखं घासून घ्यावीत. पट्ट्यावर यूव्ही रेझिनचा (अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात दिला तर पाणी आत शिरत नाही, पण जाड थराने फ्लाय जड होते. शेवटी नवे तंतू जोडून पुढचं गाठोडं, मग तपकिरी हॅकल.

स्वस्त लाल फ्लॉसचा रंगही सुटतो आणि पांढरे पंख गुलाबी होतात. नवी रीळ आली की तुकडा भिजवून टिपकागदावर दाबून बघावा. हेड सिमेंटचा (शेवटची गाठ पक्की करणाऱ्या लेपाचा) थेंबही टाकून बघावा, कारण काही रंग पाण्यात टिकतात आणि सिमेंटमधल्या द्रावकात विरघळतात.

गंमत अशी की हा पट्टा मुळात माशाला भुलवायला आलाच नव्हता. १८७८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन हेलीने कोचमन फ्लायच्या कमरेला लाल रेशीम गुंडाळलं ते मोराचे नाजूक तंतू उसवू नयेत म्हणून. रॉयल कोचमन त्यातून झाली, आणि रॉयल वुल्फ तिच्यावरूनच.

मग लाल किती उपयोगी? तरंगणारी फ्लाय मासा खालून, उजळ आभाळापुढे बघतो. तिथे मला रंगापेक्षा गडद-फिकट-गडद हा तुटकपणा महत्त्वाचा वाटतो. खळखळत्या पाण्यात तो कामी येतो. संथ, नितळ डोहात मी लाल काढून टाकीन. निम्फचं, म्हणजे पाण्याखालच्या कीटक-पिल्लासारख्या बुडणाऱ्या फ्लायचं, गणित वेगळं. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषतं, त्यामुळे खोल जाईल तसा साधा लाल करडा होत जातो. तिथे फ्लोरोसंट धागा लागतो. तो निळा आणि अतिनील प्रकाश घेऊन स्वतः लाल देतो. निम्फच्या डोक्याच्या मण्यामागे चार-पाच वेढे बस्स, अख्खं अंग रंगवू नये.

गिऱ्हाइकाला त्याच्या डबीतल्या निम्फवर यूव्ही टॉर्च मारून दाखवली. ज्या पेटल्या त्या त्याने ठेवल्या, बाकीच्या उथळ ओढ्यासाठी वेगळ्या काढल्या, आणि पांढऱ्या धाग्याची रीळ घेऊन गेला.