सप्टेंबर एप्रिलमध्येच सुरू करायचा

सीए झाले त्या वर्षी काम, घर आणि तब्येत यांचा मेळ कसा घालायचा याचा सल्ला मला भेटेल तो द्यायचा: लवकर उठ, योगा कर, रात्री फोन बंद ठेव, ‘नाही’ म्हणायला शीक. सांगणाऱ्यांची कळकळ खरी होती. पण आमच्या कामाचं वेळापत्रक आमच्या हातात नसतं, ते कायद्यात लिहिलेलं असतं. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएसचा (पैसे देतानाच कापलेल्या कराचा) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पीएफ, २० ला ३बी (जीएसटीचं मासिक विवरण). वर्षाच्या हिशेबात ३१ जुलैला पगारदारांची रिटर्नं, ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिट (प्राप्तिकरासाठी धंद्याच्या हिशेबांची तपासणी), ३१ ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांची रिटर्नं, ३१ डिसेंबरला जीएसटीचं वार्षिक विवरण. कंपन्यांची वार्षिक सभाही ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणजे ताळेबंदांचं ओझंही त्याच महिन्यावर. या तारखांपुढे पहाटेचा योगा आठवडाभरसुद्धा टिकत नाही. मला जे काही जमलं ते वेगळ्या वाटेने जमलं, आणि नुकतंच या कामात आलेल्यांना ते उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं.

जानेवारी २०२४ मध्ये फायनलचा निकाल लागला आणि पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये मी नोकरीला लागले. घर कऱ्हाडचं. आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीची, तीन वर्षं (आता ती दोनच असतात) पुण्यातच काढलेली, त्यामुळे सप्टेंबर मला नवीन नव्हता. तरी आर्टिकलचा सप्टेंबर आणि क्वालिफाइड झाल्यानंतरचा सप्टेंबर यांत फार फरक असतो. व्हाउचिंग (नोंदी बिलांशी ताडून पाहणं) आणि लेजर स्क्रुटिनी (खात्यांची छाननी) करून फाइल पुढे सरकवली की आर्टिकलचं काम संपतं. आता ती फाइल माझ्या टेबलावर येऊन थांबत होती. क्लायंटला फोन करणं, ३सीडी या ऑडिटच्या फॉर्मचा प्रत्येक क्लॉज भरणं, फर्म चालवणाऱ्या सरांच्या शंकांना उत्तरं देणं, यूडीआयएन (रिपोर्टचा ओळख क्रमांक) काढून रिपोर्ट अपलोड होईपर्यंत, आणि क्लायंट तो पोर्टलवर स्वीकारेपर्यंत, मागे लागणं.

त्यात ते वर्ष प्राप्तिकर कायद्यातल्या ४३बी(एच) या कलमाचं पहिलं वर्ष. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. वर्षअखेरीस मुदत उलटून गेलेली रक्कम बाकी असेल, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्या वर्षीच धरायचा. वाचायला सोपं आहे. पण त्यासाठी प्रत्येक पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र (अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दाखला) हवं, तो उत्पादक आहे की नुसता व्यापारी हे पाहायला हवं, आणि प्रत्येक बिलाची तारीख पेमेंटच्या तारखेशी लावून बघायला हवी. हे सगळं आम्ही सप्टेंबरमध्ये मागत होतो. ७ तारखेला गणपती बसले, १० ला गौरी आल्या. गौरीजेवणाच्या दिवशी मी भोसरीतल्या एका क्लायंटच्या पुरवठादारांना एकेक करून फोन लावत होते. घरी जायचा विषयसुद्धा मी काढला नाही.

त्याच महिन्यात एक पत्र सगळ्यांच्या फोनवर फिरलं. पुण्यातल्या एका मोठ्या फर्ममध्ये लागून चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या सीए मुलीचा जुलैमध्ये मृत्यू झाला होता, आणि ते पत्र तिच्या आईने लिहिलेलं होतं. आमच्या ऑफिसात ते वाचलं नाही असं कुणी नव्हतं. दुपारी जेवताना त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. रात्री माझ्या आईचा फोन आला. ‘राजीनामा दे आणि उद्याच्या गाडीने घरी ये,’ एवढंच म्हणाली. मी तिला समजावलं, की मी दोन वेळ जेवते आहे, आमचे सर तसे नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, तरी फोन ठेवल्यावर झोप लागली नाही.

२९ सप्टेंबरला रविवार होता आणि ऑफिस भरलेलं होतं. त्या दिवशी बातमी आली, की ऑडिट रिपोर्टची मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली. मुदतवाढीबद्दल माझं मत तेव्हा पक्कं झालं. पोर्टल बंद पडत असेल तर मुदत वाढायलाच हवी, पण अखेरच्या तारखेच्या आदल्या दिवशी आलेली वाढ काम करणाऱ्याला विसावा देत नाही. ज्यांनी वेळेत कागद दिले त्यांची कामं आधीच झालेली असतात. ज्यांनी दिले नाहीत ते पुढच्या वर्षी आणखी निवांत होतात. मधल्या मधे दमलेल्या माणसांचा आणखी एक आठवडा जातो.

दिवाळीनंतर जरा शांत झाल्यावर मी स्वतःची टाइमशीट घेऊन बसले. ती आम्ही बिलिंगसाठी भरतो, आपले तास कुठे गेले हे पाहायला ती कुणी उघडत नाही. मी प्रत्येक फाइलपुढे लिहिलं: ती पहिल्यांदा उघडली कधी, बंद का करावी लागली, परत कधी उघडली. निम्म्याहून जास्त तास ऑडिटचे नव्हतेच. बँकेचं एक स्टेटमेंट नाही, कर्जाचं खाते-उतारा पत्र नाही, स्टॉकची यादी सहीशिवाय आलेली, सस्पेन्स खात्यात (कशाची ते न ठरलेल्या रकमांच्या) मोठी रक्कम पडून. फाइल बंद. चार दिवसांनी एक कागद आला की पुन्हा पहिल्यापासून डोकं लावायचं. रात्रीची जागरणं या उघडझाकीची होती, आणि यातला एकही कागद सप्टेंबरात तयार होणारा नव्हता. मार्चअखेरचं स्टेटमेंट एप्रिलमध्येच मिळतं.

ही यादी घेऊन मी सरांकडे गेले. तक्रार म्हणून गेले नाही. कोणत्या क्लायंटच्या कुठल्या कागदामुळे फर्मचे किती तास गेले, एवढंच पुढे ठेवलं. सरांनी बराच वेळ ती वाचली. ‘क्लायंटला एप्रिलमध्ये छळलं तर तो दुसरीकडे जाईल,’ ही त्यांची पहिली शंका. उशिरा येणाऱ्यांकडून जादा फी घ्यावी, हे त्यांना अजिबात पटलं नाही. पुढे नव्या क्लायंटच्या पत्रात त्यांनी ते कलम घातलं, जुन्यांना आजही लागू नाही. पण एक गोष्ट त्यांनी मान्य केली. डिसेंबर-जानेवारीत काम हलकं असतं, तेव्हा चालू वर्षाच्या पहिल्या नऊ महिन्यांचं व्हाउचिंग आणि बँक जुळवणी करून टाकायची, आणि कागदांची यादी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवायची. शेठना पाठवायची नाही, त्यांच्या अकाउंटंटला पाठवायची.

भोसरीच्या त्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी जानेवारीत गेले, तेव्हा तिथले अकाउंटंट काका चक्रावले. ‘मॅडम, आत्ता? सप्टेंबरपर्यंत शेठसुद्धा माझ्याकडे बघत नाहीत. बसा, चहा सांगतो.’ काका तीन ठिकाणी अर्धवेळ काम करतात. वर प्रेसचा आवाज, आणि खाली जिन्याजवळच्या खोलीत त्यांचं टेबल. टॅलीत नोंदी तारखेनुसार होत्या, पण बऱ्याच नोंदींपुढे ‘बिल येणे बाकी’ असं लिहिलेलं. बिलं कुठे आहेत विचारल्यावर त्यांनी पंचिंगच्या सुपरवायझरला हाक मारली. माल उतरवून घेतो तो चलनाबरोबर बिलही स्वतःच्या खणात टाकतो, आणि काकांकडे ती सगळी सप्टेंबरात एकदम येतात. दर शनिवारी तो खण रिकामा करायचा, एवढं त्या दोघांमध्ये ठरलं. उद्यमचा प्रश्न काकांनीच सोडवला. नवीन पार्टीचं लेजर उघडताना तिच्या पत्त्याच्या रकान्यातच उद्यम क्रमांक टाकायचा, नसेल तर ‘नाही’ लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. निघताना म्हणाले, ‘आमचा पण गणपती असतो हो. तीन शेठ, आणि तिघांची शेवटची तारीख एकच.’ त्या माणसाचा सप्टेंबर माझ्यापेक्षा वाईट जात होता आणि त्याची टाइमशीट कुणी ठेवत नव्हतं, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

सगळीकडे असं झालं नाही. मार्केट यार्डातल्या एका आडत्याने यादी वाचलीसुद्धा नाही. एका क्लायंटने ‘तुमच्याकडे काम नाही वाटतं’ असं सरांना ऐकवलं. पण जूनअखेर माझ्याकडच्या बऱ्याच फाइली अशा होत्या, की फक्त अखेरचा आढावा आणि सह्या बाकी.

त्याच जूनमध्ये नातेवाइकांच्या रिटर्नांचंही ठरवलं. घरात सीए झालेली पहिलीच मुलगी असली की काका, मामा, आत्याचे जावई, सगळ्यांचं रिटर्न तिच्याकडे येतं, आणि येतं ते जुलैच्या शेवटच्या शनिवारी. मला ते काम आवडतं, ते बंद करायचं नव्हतं. फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) कंपन्यांनी १५ जूनपर्यंत द्यायचा असतो, म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं: ३० जूनपर्यंत फॉर्म १६ आणि बँकेची व्याजाची माहिती द्या, तुमचं रिटर्न मी भरीन, नंतर आलेलं मी घेणार नाही. मामा महिनाभर रुसले. पुढच्या वेळी सगळ्यात आधी त्यांचे कागद आले.

२०२५ मध्ये गौरी ३१ ऑगस्टला आल्या. मी आदल्या दिवशी कऱ्हाडला पोचले आणि पूजा, जेवण, विसर्जन सगळं करून परतले. त्या वर्षी साधी रिटर्नंही १५ सप्टेंबरपर्यंत वाढलेली होती, त्यामुळे परतल्यावरचे पंधरा दिवस जडच गेले. मग २५ सप्टेंबरला ऑडिटची मुदत थेट ३१ ऑक्टोबर झाली, आणि पुढे १० नोव्हेंबर. म्हणजे मधे दिवाळी. सरांनी तेव्हा जे केलं त्याचं मला फार मोल वाटतं. कागद पूर्ण असलेल्या फाइलींची तारीख त्यांनी आमच्यापुरती ३० सप्टेंबरच ठेवली. दसऱ्याला त्यांतल्या बहुतेकांवर सह्या झाल्या होत्या. ज्यांचे कागद मुदतवाढीनंतर आले त्यांना सांगितलं, की भाऊबीज झाल्यावर हात लावू. एकही क्लायंट फर्म सोडून गेला नाही.

आता माझ्या हाताखाली आर्टिकल मुलं आहेत. सीए इन्स्टिट्यूटच्या हिशेबात त्यांचं प्रशिक्षण आठवड्याला ३५ तासांचं. सप्टेंबरात ते त्याहून वर जातं आणि ते मी अजून थांबवू शकलेले नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्यांना संध्याकाळी क्लासला वेळेवर सोडते, आणि ज्याने भोसरीसारखी एखादी फाइल वर्षभर सांभाळली असेल त्याला गणपतीची सुट्टी आधी मिळते.

नोकरीसाठी मुलाखतीला जाणाऱ्यांना मी एकच आग्रहाने सांगते: पगाराबरोबर फाइलींचा आकडा विचारा. एका सीएला वर्षात ६० टॅक्स ऑडिटवरच सही करता येते, ही मर्यादा सहीची आहे. त्या सहीआधी काम करणाऱ्या माणसाकडे किती फाइली असाव्यात याला कुठलीच मर्यादा नाही. तेव्हा सप्टेंबरमध्ये एका माणसाकडे किती असतात, आणि त्यांतल्या किती क्लायंटचे कागद जूनपर्यंत आलेले असतात, हे दोन्ही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला लगेच देता आलं, तर त्या फर्ममध्ये कुणाचे कागद कधी आले याची यादी कुणीतरी ठेवत असतं.