कर मालावर नको, सांडपाण्यावर हवा

समजा, एक टन माल काढायला कारखान्याला ८० रुपये खर्च येतो आणि तो १०० ला विकला जातो. पण त्याच टनामागे नदीत सोडलेल्या सांडपाण्यामुळे खालच्या अंगाच्या शेतीचं ३० चं नुकसान होतं. खरा खर्च ११०. मालकाच्या वहीत ते ३० कुठेच नसतात, म्हणून तोट्याचा माल निघतच राहतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली सुचवलेला उपाय असा: तेवढाच कर लावा.

पण कर कशावर लावायचा, इथेच बहुतेकदा घोळ होतो. टनामागे ३० कर लावला, तर पाणी शुद्ध करा वा न करा, भरणा तेवढाच. मग शुद्धीकरण यंत्र कोण बसवेल? कारखाना सरळ बंद पडेल. तोच कर नळाच्या तोंडाशी मोजलेल्या घाणीवर लावा. घाण पूर्ण काढायला टनामागे १२ लागत असतील, तर मालक ३० भरण्याऐवजी १२ खर्च करेल. एकूण ९२. माल निघेल, शेतीही वाचेल.

अर्थात, मोजणी प्रामाणिक हवी. तपासणीची तारीख आधी कळली की त्या दिवशी पाणी स्वच्छच असतं. माझ्या मते करनिश्चितीपेक्षा सरकारचं जास्त बळ या मोजणीवर लागायला हवं.