मातीखाली गेलेला डोळा

2016 चा सप्टेंबर. दुष्काळाच्या वर्षांनंतर जालन्याच्या पठारावर मनासारखा पाऊस पडला होता आणि बदनापूरच्या बाजूने तात्यांचा फोन आला. "साहेब, उद्या जेसीबी सांगितलाय. बाग काढतोय. एकदा बघून जा."

कृषी सहायक म्हणून ही बाग माझ्या ओळखीची. न्यूसेलर जातीची मोसंबी, रंगपूर लिंबाच्या खुंटावर (मुळं लिंबाची, वरचं झाड मोसंबीचं), दहा वर्षांची झाडं. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागांचं सरपण झालं, तेव्हा तात्यांनी टँकरच्या पाण्यावर ती जगवली होती. त्या टँकरपायी काकूंच्या पाटल्या गेल्या होत्या.

गेलो तर जेसीबी बांधावर उभा. पानांच्या शिरा पिवळ्या, आंबे बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी धरलेल्या फुलांच्या, फळांचा झाडाखाली सडा. अन्नद्रव्य कमी पडलं म्हणून तात्यांनी फवारण्या करून पाहिल्या होत्या. मी खोडाशी बसून डोळा शोधू लागलो. खुंटावर जिथे मोसंबीचा डोळा बांधलेला असतो, ती जागा जमिनीच्या वर वीतभर तरी उघडी लागते. फायटोप्थोरा बुरशीला खुंट थोडाफार तोंड देतो, मोसंबीची साल देत नाही.

डोळा दिसेना. खुरप्याने माती उकरत गेलो तसा आंबूस वास आला. साल तपकिरी, बोटाला चिकटणारा डिंक. डिंक्याच, त्याच बुरशीचा रोग.

"तात्या, ही भर कधी घातली?"

"दुष्काळात. तुम्हीच म्हणला होता ना मेळाव्यात, बुडाशी ओल धरा."

म्हणालो होतो. माती-आच्छादन खोडापासून हातभर लांब ठेवा, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं होतं. कोरड्यात जगवणारी तीच माती पावसात साल कुजवत होती. मी त्यांना तसं सरळ सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत.

मग दोघांनी मिळून झाडं पाहिली. जिथे साल खोडाभोवती पूर्ण सडली होती, तिथे इलाज नव्हता. अशी एकोणीस निघाली. बाकीच्यांची सडकी साल चाकूने जिवंत सालीपर्यंत खरवडली. खरवडलेल्या जागी लावायला प्लास्टिकच्या ड्रमात बोर्डो मलम, म्हणजे बुरशीनाशक लेप, केलं : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. लोखंडी खिळा बुडवून पाहिला, तांबूस पुट चढलं, म्हणजे चुना कमी पडला होता, म्हणून आणखी घातला. पाणी पुन्हा खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळ्यांची (खोडालगतचं आळं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात) आखणी करून दिली.

जेसीबीवाला तोवर कंटाळून निघाला होता. तात्यांनी त्याला थांबवलं आणि बागेतून पाणी काढायला उताराच्या कडेने चर खणून घेतला.